पावसात भिजल्यावर गाडी मिसिंग मारते, तेव्हा

मुसळधार पावसातून गाडी चालली आहे आणि इंजिन मध्येच ठोके चुकवू लागतं. ॲक्सिलरेटर पिळला तर वेग वाढायच्या ऐवजी गचके बसतात, सायलेन्सरमधून फट्‌फट् आवाज येतो, वेग कमी केला की गाडी बंदच पडते. पहिल्यांदा असं झालं की इंजिन कामातून गेलं असंच वाटतं. पण बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असतं. दोष निघतो तो एखाद्या चिरलेल्या रबरी टोपीत, वायरींच्या गंजलेल्या जोडात (कपलरमध्ये) किंवा चिखलाने बुजलेल्या बारीकशा भोकात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चांगल्या स्थितीतली मोटारसायकल तासन्‌तास पावसात चालली तरी ठोका चुकवत नाही. चुकवते, याचा अर्थ पाण्याला आत शिरायला कुठेतरी वाट मिळाली आहे, आणि ती वाट पावसाच्या आधीपासून तिथे होती. म्हणून उन्हात उभी करून गाडी नीट चालू लागली तर ती फक्त वाळली, दुरुस्त झाली नाही. पुढच्या जोराच्या सरीत ती तुम्हाला पुन्हा थांबवणार. नुसतं वाळवायचं नाही, पाणी कुठून शिरलं ते शोधायचं.

पाना हातात घेण्यापूर्वी

ठोके नेमके कधी चुकतात ते आठवा. एवढ्यावरच निम्मी शोधाशोध वाचते.

उभी असताना इंजिन व्यवस्थित फिरतं, पण चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला की अडखळतं? मग संशय ठिणगीवर, म्हणजे प्लग, प्लगची कॅप (त्याच्यावरची रबरी टोपी) आणि ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉईलची जाड वायर यांच्यावर. इंजिनवर भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तितक्या दाबात प्लगच्या टोकांमधली फट ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. ते हजारो व्होल्टमध्ये असतं. अशा वेळी कॅपच्या चिरेत ओल असेल तर विजेला आत उडी मारण्यापेक्षा त्या ओलीवरून इंजिनच्या धातूत उतरणं सोपं जातं. प्लगपर्यंत काही पोहोचत नाही आणि तो ठोका वाया जातो. रस्त्यावरून उडालेल्या पाण्यात माती आणि क्षार मिसळलेले असतात, त्यामुळे ते स्वच्छ पाण्यापेक्षा वीज जास्त वाहून नेतं.

इंजिन किल्ली फिरवल्यासारखं एकदम बंद होतं आणि क्षणात पुन्हा सुरू होतं? तर वायरिंग किंवा स्विच बघा. त्याच क्षणी मीटरचे दिवेही लुकलुकत असतील तर बॅटरीची टोकं, मेन फ्यूज आणि किल्लीचा स्विच. दिवे स्थिर राहून फक्त इंजिन जात असेल तर किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच), साइड स्टँडचा स्विच आणि कॉईलकडे जाणारे कपलर.

गाडीचा दम हळूहळू गेला, वरच्या आरपीएमला ती गुदमरते, धूर काळपट आहे, असं असेल तर एअर फिल्टर भिजला असणार. थोडं अंतर नीट चालून बंद पडते, काही मिनिटांनी परत सुरू होते, पुन्हा तेच, हे पेट्रोलच्या वाटेवरच्या अडथळ्याचं लक्षण. आणि पाऊस थांबून दोन दिवस झाले, गाडी वरून कोरडी ठणठणीत आहे, तरी मिसिंग आहे? तर पेट्रोलमध्ये पाणी आहे किंवा एखादा जोड आतून हिरवा पडला आहे.

रस्त्यातच अडकलात तर

गाडी रहदारीतून बाजूला घ्या. आडोसा मिळाला तर उत्तम. इंजिन बंद करा आणि मगच प्लगच्या कॅपला हात लावा. चालू इंजिनवर कॅप ओढायची नाही. बसणारा झटका जबर असतो, आणि ठिणगीला उतरायला जागा न मिळाल्याने कॉईल किंवा ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या सीडीआयलाही धोका पोहोचतो. सिलिंडर हेड तापलेलं असतं, तेव्हा बोटंही सांभाळा.

कॅप सरळ धरून ओढा, वायरला धरून नाही. आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, प्लगचा पांढरा चिनी मातीचा भाग पुसा, आणि टक्‌ असा आवाज येईपर्यंत कॅप परत घट्ट बसवा. किल स्विच दहाएक वेळा चालू-बंद करा, आतलं पाणी थोडं हलतं आणि टोकं घासली जातात. टाकीचं झाकण एकदा उघडा. सूं असा हवा आत खेचल्याचा आवाज आला तर टाकीचा हवेचा मार्ग तुंबलाय हे लक्षात ठेवा. एवढं करून इंजिन सुरू झालं तर दोन-तीन मिनिटं जागेवर फिरू द्या, त्याच्या उष्णतेने उरलेली ओल उडते.

अडखळत्या इंजिनावर लांबचा पल्ला मात्र ओढू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं, तिथे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर ते त्याच्या आतच जळतं आणि तो अतोनात तापून निकामी होऊ शकतो. शिवाय ओव्हरटेक करताना ऐन वेळी गचका बसला तर काय होईल, याचा विचार करा.

घरी: पहिला संशयित, प्लग कॅप आणि तिची वायर

इथे मी सर्वात जास्त वेळ द्यायला सांगेन. पावसातलं मिसिंग बहुतेक वेळा याच ठिकाणी सापडतं, आणि घाईघाईत नुसतं फडकं फिरवून लोक इथूनच पुढे जातात.

इंजिन पूर्ण गार झालं की प्लगच्या खळग्यातली माती आणि पाणी आधी काढा. पंप किंवा ब्लोअरची हवा चालेल. आधी प्लग खोलला तर तीच माती सिलिंडरमध्ये पडेल. काही इंजिनांत प्लग खोल विहिरीसारख्या खाचेत बसलेला असतो. अशा खाचेतलं पाणी वाहून जायला हेडच्या कडेला एक लहान भोक ठेवलेलं असतं. ते चिखलाने बुजलं की खाच भरते आणि कॅप पाण्यात उभी राहते. पातळ तार हळूच फिरवून ते मोकळं करा. हे भोक आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं आणि ते वर्षानुवर्षं कॅपमागून कॅप बदलत बसतात.

आता कॅप उजेडात धरून बघा. रबर कडक झालंय का, कडा फाटल्यात का, वळवल्यावर केसासारखी चीर दिसते का? आतल्या भिंतीवर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल तर तिथून ठिणगी निसटते आहे हे नक्की. ती रेघ कार्बनची असते, ती स्वतःच वीज वाहून नेते, आणि पुसून कायमची जात नाही. अशी कॅप बदलायचीच. टेप गुंडाळून काही दिवस निघतील, पण टेपच्या आत पाणी साठलं तर ते लवकर वाळतही नाही.

मल्टिमीटर असेल तर कॅप वायरवरून काढून तिच्या दोन टोकांमधला रोध मोजा. बऱ्याच कॅपमध्ये ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. आकडा त्याच्या जवळपास असावा आणि कॅप हलवल्यावर उड्या मारू नये. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॅप आतून तुटली आहे.

बऱ्याच गाड्यांत कॅप वायरच्या टोकावर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती उलटी फिरवून काढा. वायरमधली तांब्याची तार हिरवी-काळी पडली असेल तर टोकाचा ५ मिलिमीटरभर तुकडा कापा, स्वच्छ तांबं दिसलं की कॅप पुन्हा घट्ट फिरवून बसवा. कापण्याआधी वायर पुरेल ना, ते बघा. ज्या गाड्यांत कॉईल आणि कॅप एकाच नळीसारख्या भागात असतात, तिथे कापाकापी करायची नाही, तो पूर्ण भागच बदलतात.

बसवताना कॅपच्या रबराला आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या. हे सिलिकॉनचं ग्रीस वीज वाहू देत नाही आणि पाण्याला अडवतं. चेनचं किंवा बेअरिंगचं ग्रीस इथे वापरू नका, त्याने रबर फुगून सैल होतं.

प्लग

आता प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर हवा कमी पडते आहे, फिल्टरकडे जा. पेट्रोलने ओला असेल तर त्या सिलिंडरला बहुधा ठिणगीच मिळत नाही. पांढऱ्या भागावर तडा गेला असेल तर प्लग सरळ बदला, तो भाग सांधता येत नाही. टोकांमधलं अंतर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. अनेक गाड्यांत ते ०.७ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असतं, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानायचा. अंतर वाढलं की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणजे ओल्या कॅपमधून निसटायचं निमित्तही वाढतं. कोरड्या हवेत असा जुना प्लग खपून जातो, पावसात खपत नाही.

ठिणगी बघायची असेल तर प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग हेडला नीट टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून त्या भोकावर कोरडं फडकं ठेवा. प्लग इन्सुलेटेड पकडीनेच धरा आणि मग किक किंवा सेल्फ मारा. निळी, चटचटीत ठिणगी हवी. पिवळट आणि रेंगाळणारी असेल तर ती कमजोर आहे.

परत बसवताना पहिले आटे हाताने फिरवा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, प्लग तिरका शिरला तर आटे जातात आणि छोटं काम मोठं होऊन बसतं. वॉशरवाला नवा प्लग हाताने पूर्ण बसल्यावर पान्याने सुमारे अर्धा फेरा आवळतात. तोच जुना प्लग परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा फेऱ्याचा आठवा-बारावा हिस्सा पुरतो.

दोन किंवा अधिक सिलिंडरचं इंजिन असेल तर कुठला सिलिंडर चुकतोय ते आधी ओळखा. गार इंजिन सुरू करून मिनिटभरात प्रत्येक सायलेन्सर पाइपवर, इंजिनजवळ, पाण्याचे दोन थेंब टाका. जिथे थेंब चुरचुरत नाहीत, तो सिलिंडर जळत नाही. हात लावून बघू नका, भाजेल.

कॉईल, कपलर आणि स्विच

कॉईलच्या अंगावर तडा आहे का, तिच्या बारीक वायरींची टोकं गंजलीत का, ते बघा. सीडीआय किंवा ईसीयू (इंजिनचा संगणक), पिकअप कॉईल (इंजिन कुठवर फिरलंय ते सांगणारी), थ्रॉटलचा सेन्सर यांचे कपलर एकेक करून उघडा. त्याआधी किल्ली बंद करा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवा. पिनांवर हिरवी पावडर दिसली की काँटॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने साफ करा, वाळू द्या, कडेच्या रबरी सीलला थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून खट्‌ आवाज येईपर्यंत जोडा. सील नसेल किंवा निसटली असेल, तर पाणी कुठून शिरलं त्याचं उत्तर मिळालंच.

डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे ओल हटवायला चांगला आहे, पण तो उडून जातो, त्यावर कायमचं विसंबू नका. मारताना ब्रेकच्या डिस्कवर किंवा टायरवर थेंबही जाता कामा नये.

साइड स्टँडचा स्विच अगदी खाली, चिखलाच्या माऱ्यात असतो. इंजिन न्यूट्रलमध्ये चालतं आणि गिअर टाकताच बंद पडतं, असं झालं तर प्रथम तोच धुऊन, वाळवून, हलवून बघा. तो तोडून-जोडून कायमचा बाद करायचा सल्ला अनेक जण देतात. तो ऐकू नका. खाली राहिलेला स्टँड वळणावर रस्त्याला अडकतो आणि माणूस जिवाला मुकतो.

इंजेक्शनवाल्या (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर त्याचा कोड आधी वाचा. काही गाड्यांत तो दिवाच ठरावीक वेळा लुकलुकून कोड सांगतो, त्याचा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो.

एअर फिल्टर

ओल्या फिल्टरमागचं इंजिन ओलं फडकं नाकावर धरून धावणाऱ्या माणसासारखं गुदमरतं. कागदी फिल्टर किंचित ओला असेल तर सावलीत वाळवा. चिंब होऊन घड्या चिकटल्या किंवा कागद सुटला असेल तर नवाच टाका. फोमचा फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टरचं तेल लावून बसवतात. एअरबॉक्सच्या (फिल्टरच्या डब्याच्या) तळाशी एक बंद टोकाची नळी असते, तिच्यात पाणी किंवा चिखल दिसला तर रिकामी करा आणि झाकणाची सील नीट बसली आहे का ते तपासा. फिल्टर काढून तसंच घरी जाऊ, हा विचारही नको. रस्त्याची माती आणि पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं.

पेट्रोलमधलं पाणी

पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं, आणि कार्बोरेटरचा मेन जेट बाऊलच्या, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या, तळाजवळूनच पेट्रोल उचलतो. चमचाभर पाणीसुद्धा इंजिन अडवायला पुरतं. इंजिन गार असताना, मोकळ्या हवेत, जवळ आग किंवा विडी-सिगारेट नसताना पेट्रोलचा कॉक बंद करा आणि बाऊलखालचा ड्रेन स्क्रू सैल करून येणारं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. दहा मिनिटं ठेवा. तळाशी गोल थेंब लोळताना दिसले तर ते पाणी. मग कॉक उघडून स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. येतच राहिलं तर टाकी रिकामी करावी लागेल. इंजेक्शनवाल्या गाडीची पेट्रोल लाइन दाबाखाली असते, ती सरावाशिवाय खोलू नका.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर धरतात. असं पेट्रोल हलवून किंवा वर नवं भरून वापरू नका, काढून टाका.

पाणी टाकीत आलं कुठून? टाकीच्या पृष्ठभागाशी सपाट बसणाऱ्या झाकणाभोवती खोलगट भाग असतो, आणि तिथलं पाणी वाहून न्यायला एक भोक टाकीच्या आतल्या नळीतून खाली निघतं. ते बुजलं की झाकणाभोवती तळं साचतं आणि जुन्या सीलमधून पाणी झिरपतं. झाकण बंद ठेवून भोकात थोडंसं पाणी सोडा. खालच्या नळीतून बाहेर आलं तर मार्ग मोकळा आहे. नाही आलं तर हवा मारून मोकळा करा आणि झाकणाची रबरी सील बदला. सूं आवाज आलेल्या गाडीत झाकणातलं हवेचं बारीक छिद्रही साफ करायचं.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर

हे प्रकरण वेगळं. पाणी एअरबॉक्सच्या तोंडापर्यंत चढलं असेल तर सेल्फ किंवा किक मारूच नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडर त्याने भरला असेल तर पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. आधी प्लग काढायचा, मग इंजिन हळू फिरवून पाणी बाहेर काढायचं. तेल तपासा. दुधाळ दिसलं तर पाणी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तेल असलेल्या खालच्या भागात, गेलं आहे, तेल आणि तेलाचा फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

झालं की नाही, हे कसं कळणार

पुढच्या पावसाची वाट बघू नका. अंधार पडल्यावर मोकळ्या जागेत इंजिन जागेवर फिरत ठेवा आणि फवाऱ्याच्या बाटलीने कॅप, वायर आणि कॉईलवर एकेक करून बारीक तुषार मारा. मध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. कुठे निळसर ठिणगी सरपटताना दिसली किंवा ठोका चुकला, तर तोच भाग. हात लावू नका, इंजिन बंद करून मग तो बदला. एका वेळी एकच भाग बदलायचा आणि पुन्हा फवारा मारायचा. सगळं एकदम बदललं तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

एवढं करूनही ठोके चुकत राहिले तर दोष कॉईलच्या आत, पिकअपमध्ये किंवा इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात असू शकतो, तिथे मेकॅनिककडे जाणंच बरं. त्याला नुसतं ‘पावसात मिसिंग मारते’ एवढंच सांगू नका. उभी असताना की भारावर, गार की गरम इंजिनावर, दिवे लुकलुकतात की नाही, बरणीत पाणी दिसलं का, काय काय तपासलं आणि काय बदललं, हे सगळं कागदावर लिहून द्या. आणि जुनी कॅप, जुना प्लग फेकला नसेल तर तोही सोबत न्या.